बेटावरची भाकरी

मुंबईत राहणाऱ्याला आपण बेटावर राहतो हे सहसा आठवत नाही. कसाऱ्याहून येणाऱ्याला ते रोज दिसतं. पहाटेची लोकल खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद करत डोंगर मागे टाकते, कल्याणला माणसांनी गच्च भरते, आणि कळवा सोडून खाडीवर आली की चाकांचा आवाज बदलतो. भरती असेल तर पाणी खारफुटीच्या बुंध्याला लागलेलं असतं, ओहोटी असेल तर काळा गाळ उघडा पडलेला. तिथून साष्टीचं बेट सुरू होतं. कुर्ला मागे पडून शीव आलं की जुनी मुंबई; कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटं भराव घालून एक केलेली. कर्कवृत्ताच्या बरीच खाली, एकोणीस अंशांवर. नारळाची झाडं, अंगाला चिकटणारा दमट वारा, चार महिन्यांचा पाऊस, आणि जागेचे भाव कोणाच्याही छातीत धडकी भरवणारे. अशा महागड्या बेटावर खिशाला परवडेल असं काय खायचं, याची चिंता पर्यटक सुट्टीपुरती करत असेल. आमच्याकडे ती रोज, अंधार असतानाच, चुलीपाशी सुरू होते.

कसारा ते सीएसएमटी हे अंतर सुमारे 121 किलोमीटर. आतल्या पाड्यावरून यायचं तर स्टेशनापर्यंतची पायपीट किंवा जीप आणखी वेगळी. एवढा प्रवास करून दुपारी जे खायचं ते पहाटेच करून निघायचं, म्हणजे स्वयंपाकाचे नियमच निराळे होतात. ओलं खोबरं घातलेली भाजी बारा वाजेपर्यंत आंबते, म्हणून ती बाद. रस्सा बाद, कारण डोंबिवलीनंतरच्या गर्दीत कोणत्याही डब्याचं झाकण भरवशाचं नसतं. कांदा चिरून नेला तर वास धरतो, म्हणून तो अख्खा न्यायचा आणि तिथे बुक्कीने फोडायचा. उरतं ते कोरडं, तिखट, तेलात नीट परतलेलं: मिरचीचा ठेचा, खुरासणीची चटणी, सुकट, घट्ट पिठलं, वालाची उसळ. आणि भाकरी. गरम पाण्यात पीठ मळून केलेली तांदळाची भाकरी फडक्यात गुंडाळली तर दुपारी तुटत नाही, मुडपते. नागलीची त्याहून टिकाऊ. सकाळी खाल्लेली नागली पोटात बराच वेळ राहते, म्हणून ज्याला उभ्याने काम आहे त्याच्या फडक्यात नागली असते.

मी ही सगळी शिस्त घरात पाहिली आणि पुढे नोकरीच्या वर्षांत फोर्टातल्या टेबलावर उघडली. त्या भागात दुपारी खाली उतरून हॉटेलात बसायचं तर महिन्याचा हिशेब कोलमडतो. म्हणून आम्ही बदलापूरचे, विरारचे, आसनगावचे लोक डबे एकत्र मांडत असू. माझ्या डब्यातली सुकट कुणाकडे जाई, कुणाची मेथी माझ्याकडे येई. त्या बैठकीत मला नेहमी एक गोष्ट जाणवायची. टेबलावर जे होतं त्यातलं काहीही त्या बेटावर पिकलेलं नव्हतं, आणि ते ज्यांनी रांधलं त्यांच्यापैकी एकही त्या टेबलाशी नव्हती. आमची दुपार स्वस्त होती, कारण बदलापुरात, विरारला, आसनगावात कुणीतरी झोप मोडून उठलं होतं. त्या झोपेची किंमत आम्ही कधी हिशेबात धरली नाही, आणि बेटानेही धरलेली नाही.

हा डबा जगात इतरत्रही सापडतो. कसारा आणि हवाईचं मोठं बेट जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. तिथलं बहुतेक अन्न जहाजाने आणावं लागतं, आणि म्हणून ते बेट खायला फार महाग पडतं. तिथे उसाच्या मळ्यांवर जपान, चीन, फिलिपिन्स, पोर्तुगालहून मजूर आणले गेले. त्यांच्या हातात दोन खणी पत्र्याचा डबा असे. खाली भात, वर मासा किंवा लोणचं. त्याला ते काऊकाऊ टिन म्हणत. शेतात बसले की वरचे खण मध्ये ठेवायचे आणि सगळ्यांनी सगळ्यांचं चाखायचं. आज त्या बेटांवर कमी पैशांत पोटभर मिळणारी भात आणि मांसाची जी प्लेट आहे, तिचं मूळ त्या मळ्यांवरच्या डब्यात सांगतात. हे प्रथम वाचलं तेव्हा मला ती माणसं आमच्या गाडीतली वाटली.

बेटाने स्वतःही आपल्या गरिबांसाठी काही उपाय शोधले. गिरण्यांच्या काळात परळ, लालबाग, गिरगावातल्या खानावळी बायकांनी चालवल्या. गावी कुटुंब ठेवून आलेला कामगार महिन्याच्या बोलीवर दोन वेळ तिथे जेवायचा, आणि संपाच्या दिवसांत उधारीवर जेवायचा. त्या उधारीचं ओझं सावकाराच्या दाराशी जाऊन पोचे ते बाईच्या नावावर. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेली ही बाई. मुंबईच्या इतिहासात संपांची नावं ठळक लिहिली जातात. संपात जेवू कोणी घातलं ते लिहिताना प्रेमाताईंचं नाव त्याच ठळकपणे यायला हवं.

त्याआधी, 1966 साली दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी पावात वडा घातला आणि उभ्याने, एका हाताने, गाडी न चुकवता खाता येईल असं जेवण जन्माला आलं. 1995 मध्ये सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली. ती काही वर्षांत बंद पडली. 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात. करोनाच्या काळात तिचा दर पाच रुपयांवर आणला, तेव्हा कामं बंद पडलेल्या माणसांना तिचा आधार झाला. या योजनांबद्दल माझ्या मनात आदर आहे. दहा रुपयांत ताट वाढणं ही लहान गोष्ट नाही, आणि ते ताट आज आहे आणि उद्या नाही असं होणं हा भुकेल्यावर मोठाच अन्याय आहे.

पण बेटाला स्वस्तात जेवू घालणाऱ्यांत मी सगळ्यांत आधी मान देईन तो आमच्या गाडीतल्या पाटीवाल्यांना. मे संपता संपता, पहिल्या सरी पडताच, शहापूर आणि मुरबाडच्या रानात शेवळं वर येतात. जांभळट तपकिरी, टोकदार, जमिनीतून एकटाच वर आलेला कोंब. ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायका दिवसभर रान तुडवून ती खुडतात, संध्याकाळी निवडतात, पळसाच्या पानांत जुड्या बांधतात आणि पहाटेच्या गाडीने पाटी घेऊन कल्याण, ठाणे, दादर गाठतात. पुढे पावसाळाभर ही आवक चालू राहते. टाकळा आणि लोत, मग कुर्डू, कवळा, भारंगी, बांबूचे कोंब. श्रावणाच्या आगेमागे कर्टोली. नशीब असेल तर अळंबी, पण ती दुपारपर्यंत टिकत नाही म्हणून बहुधा कल्याणलाच संपते. यातलं काहीच कोणी पेरलेलं नसतं, खत नसतं, पाणी दिलेलं नसतं. लागतात ते पाय, आणि कोणतं पान कधी खुडायचं, कोणतं किती उकळायचं याची पोरवयात मिळालेली माहिती.

शेवळाचंच पाहा. ते तसंच शिजवलं तर घसा खाजून जीव नकोसा होतो. म्हणून शेवळांबरोबर काकडं हवीत. काकडाच्या झाडाची ही हिरवी, आंबट फळं त्याच दिवसांत धरतात. पाटीवाली जुडीबरोबर मूठभर काकडं घालते आणि नवखं गिऱ्हाईक दिसलं की सांगते, "काकडं ठेचून रस घाला, ताई, आन वरचं पिवळं काढून टाका. नायतर खाजंल." दादर, ठाण्याच्या पाठारे प्रभू आणि कायस्थ प्रभू घरांत या भाजीची वर्षभर वाट पाहिली जाते. त्या घरच्या बायका जुडी उलटसुलट करून पाहतात, भाव करतात, आणि तरी घेतातच. "मावशी, वाटा कसा?" असं विचारणाऱ्या बाईला आणि वाटा मांडून बसलेल्या बाईला एकमेकींची भाषा नीट कळते, कारण दोघींनाही भाजी कळते.

याच कर्टोल्यांना वातानुकूलित दुकानात गेल्यावर रानमेवा म्हणून निराळा भाव येतो, हे मला डाचतं. पाटीवालीला बसायला मात्र अजून स्टेशनाबाहेरच्या फुटपाथाखेरीज जागा नाही. अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली की पाटी उचलून धावायचं. ऑगस्टमध्ये सरकारी रानभाजी महोत्सव भरतात, त्यांत भाषणं होतात, भाज्यांची नावं पाटीवर लिहिली जातात. ते चांगलंच आहे. त्यासोबत दादरला, ठाण्याला, कल्याणला पावसाचे चार महिने एक शेड, एक नळ आणि एक मुतारी या बायकांना मिळाली पाहिजे. एवढ्यावर त्यांचा धंदा उभा राहील, आणि बेटावर मोजक्या पगारात राहणाऱ्याच्या ताटात हिरवं काही पडत राहील.

विक्री होईतो या बायका स्वतः काय खातात? घरून आणलेली भाकरी आणि मीठमिरची, दुपारी पाटी हलकी झाली की. ज्या पैशांत वडापाव येतो त्यात घरी एका माणसाचे तांदूळ येतात, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. चहा मात्र घेतात, दोघींत एक.

आणि पाणी. जेवणातली सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणून त्याचा विचारही कोणी करत नाही. तानसा धरण 1892 मध्ये बांधून झालं, शहापूर तालुक्यात. भातसाही शहापूर तालुक्यातच, आणि मुंबईच्या पाण्यात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. मोठमोठे नळ आमच्या शेतांच्या कडेने जातात. त्यांच्या अंगावर पोरं बसतात, कपडे वाळतात. दादरच्या खानावळीतला भात, फोर्टातला चहा, माटुंग्याच्या हॉटेलातली इडली या सगळ्यांत आमचा पाऊस शिजतो. मात्र एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागतात. सांजच्या गाडीने परतणारी पाटीवाली घरी पोचते तेव्हा पुष्कळदा आधी पाण्याला जाते आणि मग चूल पेटवते. ही विषमता बेटावर जेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. नळ बंद करा असं कोणी म्हणत नाही. वाटेवरच्या पाड्याला त्यातूनच एक चावी द्या, एवढंच मागणं आहे, आणि ते किती वर्षांचं आहे हे भातसा-तानसाच्या आसपासची म्हातारी माणसं सांगतील.

बेट मोबदल्यात काहीच देत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. पगार देतं, शाळा-दवाखान्याला लागणारा पैसा देतं, आणि सुकी मासळी देतं. 1 जूनपासून दोन महिने समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी वर्सोव्याला, मढला बोंबील वलांडीवर सुकलेले असतात, जवळा उन्हात पसरून वाळलेला असतो. मेच्या अखेरीस ही मासळी शहापूर, मुरबाडच्या आठवडे बाजारात येते आणि घरोघर आगोट भरली जाते. पावसात हाताला काम नसतं तेव्हा मूठभर सुकट आणि भाकरी यांवर घर निभतं. किती बायका तर पाटी रिकामी झाली की तिथल्याच बाजारात सुकटीचा भाव करतात, पुडा पाटीत टाकतात आणि लगेजच्या डब्यात चढतात.

म्हणून वर्षातले तेवढे पंधरा-वीस दिवस असे असतात की समुद्राची मासळी वर चढत असते आणि रानातली शेवळं खाली उतरत असतात, एकाच रुळांवरून. दादरला कायस्थांच्या घरी शेवळांत सोडे पडतात. कसाऱ्याच्या पाड्यावर शेवळांत सुकट पडते, काकडाचा रस दोन्हीकडे लागतो. सोड्यांचा भाव परवडत नाही म्हणून पाड्यावरच्या भाजीत काही उणं राहतं असं कोणी समजू नये. सुकट तव्यावर कोरडी भाजून घ्यायची, शेवळं बारीक चिरून काकडाच्या रसात शिजवायची, लसूण भरपूर ठेचायचा, आणि तांदळाची भाकरी तव्यावरून थेट ताटात घ्यायची.