शेजारचें आंबवण

बाहेर जेवावयास जाणें ही गोष्ट आमच्या घरांत अजूनहि थोड्याशा समारंभाची आहे. पंच हौद मिशनमधील १८९० सालच्या चहावरून पुण्यांत केवढें ग्रामण्य माजलें होतें, तें वाचकांस ठाऊकच आहे. तो काळ गेला, आणि गेला हें बरेंच झालें. तथापि आमच्या वडील वहिनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षींहि परक्या भट्टींतला पाव तोंडांत घालावयास कचरतात. त्यांचें माहेर वसईकडचें. विहिरींत पाव टाकून गांवेंच्या गांवें बाटविल्याच्या कथा त्यांनीं लहानपणीं ऐकलेल्या.

असें असतां गेल्या पौषांत त्यांच्यासह आम्ही सात माणसें एरंडवण्यांत आमच्याच गल्लीच्या तोंडाशीं असलेल्या पिझ्झाच्या उपाहारगृहांत जाऊन बसलों. निमित्त पुतण्याच्या पहिल्या पगाराचें. हा पुतण्या धाकट्या बंधूंचा. पण त्याला न्हाऊंमाखूं घातलें तें वहिनींनीं, त्यामुळें त्यांना त्याचा शब्द मोडवेना.

खरी अडचण पावाची नव्हती. दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरांत दोन चुली झाल्या. धाकटी भावजय नोकरी करणारी. एके दिवशीं तिनें घाईंत बाजारचें दहीं आणलें, वहिनी एक शब्द अधिक बोलल्या, तिनेंहि एक शब्द अधिक बोलून घेतला, आणि महिन्याच्या आंत वरच्या मजल्यावर निराळी शेगडी आली. तेव्हांपासून दोघी सणावारीं एकमेकींस हळदकुंकू लावतात, आणि एरवीं बोलावयाचें तें मुलांमार्फत बोलतात. आम्ही पुरुषमंडळी त्या दिवसांत वर्तमानपत्रांत तोंड खुपसून बसलों होतों, हें कबूल केलें पाहिजे.

जागा लहानशी, सहाच टेबलें, मागें विटांची घुमटाकार भट्टी, आणि गल्ल्याशेजारीं एक कांचेची बरणी. बरणींत बुडबुडे आलेलें पांढरें पीठ पाहून वहिनींनीं मालकालाच विचारलें, "घावनांचें आहे का रे हें?"

तो तिशींतला मुलगा हंसून म्हणाला, "नाहीं आजी, हें आमचें विरजण."

मग त्यानें उभ्या उभ्या सगळें सांगितलें. पीठ आणि पाणी समभाग कालवून ठेवावयाचें. वरून कांहींहि घालावयाचें नाहीं. धान्यावरचें रानटी यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जंतु त्यांत आपोआप वाढतात. रोज त्यांतलें निम्मेंअधिक काढून टाकून नवें पीठ-पाणी घालावें लागतें. दोन दिवस विसरलें कीं तें रुसतें. उन्हाळ्यांत तें धांवतें, थंडींत पेंगतें. इटलींत याला आईच म्हणतात. दूध आंबण्यामागें सजीव जंतूंची करामत आहे, हें लुई पाश्चरनें १८५७ सालीं मांडलें. आमच्या सासवा त्याच्या कित्येक पिढ्या आधींपासून विरजणाचें भांडें ऊबेला झांकून ठेवीत आल्या. गोव्याचे पोदेर पावाच्या पिठांत माडाची सूर घालीत, तीहि याच जातीची युक्ति.

वहिनींची तपासणी मात्र संपली नव्हती. "आणि हें चीज कशानें विरजतात?" इटलींतलें अस्सल पार्मेझान वासराच्या जठरांतल्या रसानें विरजतात, म्हणून आपण तें आणीतच नाहीं, असें त्यानें सांगितलें, तेव्हां कोठें त्या खुर्चींत नीट टेकून बसल्या.

पिझ्झा आला. भट्टींत साडेचारशें अंशांची आंच. दीड मिनिटांत पोळी भाजून बाहेर. कड फुगलेली, तिच्यावर काळे डाग, मध्यें टोमॅटो आणि वितळलेलें चीज. नेपल्सच्या या कलेस युनेस्कोनें २०१७ सालीं मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें आहे. तिघांचा मिळून हिशेब पाहिल्यावर आमच्या डोळ्यांपुढें मात्र महिन्याचे गहू उभे राहिले. असो. चव चांगली होती. वहिनी एक घांस घेऊन म्हणाल्या, "आंबोळीचा वास येतो कीं हो, भावोजी!" यापलीकडची प्रशस्ति त्यांच्या तोंडून आम्हीं कधीं ऐकलेली नाहीं.

कड मात्र चिवट, आणि वहिनींची कवळी नवी. दुसरा तुकडा हातांत घेतांच त्यांनीं त्याची कड मोडली, क्षणभर थांबल्या, आणि ती समोर भावजयीच्या ताटलींत ठेवली. "उष्टी नाहीं हो. तुला खरवड आवडते ना?"

दोन वर्षांत सरळ तिला उद्देशून उच्चारलेलें हें पहिलें वाक्य. भावजय खालीं मान घालून ती कड खात राहिली. टेबलावर कुणीच कांहीं बोललें नाहीं. आमचा पुतण्या तेवढा उगाच भट्टीकडे पाहूं लागला.

निघतांना वहिनींनीं मालकाला विचारलें, "रोज काढतोस तें टाकतोस?"

"कुणी मागितलें तर देतों, आजी."

घरापर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्यांनीं आमच्या हातीं झांकलेली वाटी दिली. "वर जातच आहांत, तर हें विरजण द्या. दूध कोमट असूं द्या म्हणावें." आम्ही वर जात नव्हतों, पण गेलों.

सकाळीं भावजय स्वतः खालीं आली. चेहरा पडलेला. "ताई, लागलेंच नाहीं हो. नुसतें दूधच राहिलें."

"थंडी आहे, अग. भांडें पिठाच्या डब्यांत ठेवायचें होतेंस." एवढें बोलून वहिनींनीं दुसरी वाटी भरली. ती तिच्या हातीं देतील असें आम्हांस वाटलें; पण गुडघे धरून, एकेका पायरीवर टेकत, अठरा पायऱ्या त्या तिच्यामागून स्वतःच चढून गेल्या. त्या दिवशीं आमचा सकाळचा चहा साडेनऊला झाला.