पाणी कुठं जातंय?

तुम्ही कधी कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर पाहिलाय? नाही ना? मग आधी ती गंमत सांगतो आणि मग माझी फजिती. फजिती तशी हसण्यासारखी नाही, पण सांगतो.

नवी चिप बनवायची तर फार खर्च येतो, आणि एकदा ती कारखान्यातून बनून आली की आतली चूक खोडरबरानं पुसता येत नाही. म्हणून आधी तिचं सोंग उभं करतात. एक प्रोग्रॅम दुसऱ्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेतो आणि आपण त्याच्यावर सगळं तपासून पाहतो. यालाच सिम्युलेशन म्हणतात. आपल्या मुंबईत, पवईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अजित' नावाचा प्रोसेसर तयार केला, त्याची बातमी २०१९ साली तुमच्या दादा-ताईंनी वाचली असेल. अशी चिप कारखान्याकडे पाठवण्याआधी तिची कसून परीक्षा होते ती सिम्युलेशनवरच.

मीही असंच काम शिकत होतो. माझा सिम्युलेटर होता जेम-फाइव्ह. मिशिगन आणि विस्कॉन्सिन या अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांचे सिम्युलेटर एकत्र करून तो २०११ साली तयार झाला. आता सोंगातल्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्कसुद्धा सोंगातलीच हवी, नाही का? तिला म्हणतात डिस्क इमेज. म्हणजे एकच भलीमोठी फाइल, जी आतून आख्खी डिस्क असल्याचं भासवते. ती तयार करायला मी एक शेल स्क्रिप्ट वापरत होतो. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली कामांची यादी: रिकामी फाइल बनव, तिचे भाग पाड, ती डिस्कसारखी जोड, आत सगळा लिनक्स कॉपी कर, मग सोडव. यादी जुनी होती, कुणाकडून तरी आलेली. मी ती नीट वाचलीही नव्हती.

मागच्या दिवाळीत मी गावी, पिंपळगाव राजाला होतो. इमेज सोमवारी द्यायची होती. स्क्रिप्ट चालवली. पडद्यावरून हजारो ओळी भराभर पळाल्या आणि काम झालं! सिम्युलेटर सुरू केला. खऱ्या कॉम्प्युटरपेक्षा तो हजारो पट हळू चालतो, बरं का. अर्धा तास वाट पाहिली आणि उत्तर काय, तर 'कर्नल पॅनिक'. म्हणजे आतला लिनक्स घाबरून बसला होता. त्याला डिस्कवर काहीच सापडत नव्हतं.

पुन्हा चालवली. पुन्हा तेच. सहा वेळा! सातव्यांदा तर नवीनच तक्रार आली: डिस्कवर जागा नाही. माझ्या लॅपटॉपच्या खऱ्याखुऱ्या डिस्कवर!

आता इथं मी जे केलं ते तुम्ही करू नका. घाईघाईत मी जुन्या फोनमधून उतरवून ठेवलेला एक मोठा फोल्डर उडवला. कमांड देऊन उडवलं की ते कचरापेटीतही जात नाही, कायमचं जातं. आत जुने व्हिडिओ असतील असं मला वाटलं. होतेच. पण त्यांच्याबरोबर आजीच्या जात्यावरच्या ओव्याही होत्या, तिच्याच आवाजात, अकरा. आजीला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. हे मला आठवलं ते कमांड दिल्यावर दोन मिनिटांनी.

कुणाला काही बोललो नाही. संध्याकाळी मोठेबाबांबरोबर वावरात गेलो. हरभऱ्याला पाणी सुरू होतं. म्हणजे मोटर चालू होती, पण स्प्रिंकलर फिरेनात. मी म्हटलं, "मोटर बिघडली वाटतं."

"मोटर तं चालू हाये," मोठेबाबा म्हणाले. "पाणी कुठी जाऊन रायलं ते पाह्य पयले."

पाइपाच्या कडेकडेनं आम्ही मोटरपासून चालत निघालो. पहिल्याच सांध्यापाशी पाइप निसटला होता, आणि पाणी धुऱ्यापलीकडं शेजाऱ्याच्या कपाशीत मजेत वाहत होतं.

मी तसाच घरी पळालो. आतापर्यंत मी पडद्यावरची फक्त शेवटची ओळ वाचत होतो. आता सगळ्या ओळी एका फाइलमध्ये साठवल्या आणि पहिलीपासून वाचायला बसलो. अगदी वर, चौथ्या ओळीतच लिहिलं होतं: 'लूप-शून्य' मोकळं नाही!

हे लूप काय ते सांगतो. गोठ्यात जशा बैल बांधायच्या खुंट्या असतात, तशा लिनक्समध्ये फाइलला डिस्क म्हणून बांधायच्या खुंट्या असतात: लूप-शून्य, लूप-एक, लूप-दोन. जुन्या स्क्रिप्टनं धरूनच चाललं होतं की पहिली खुंटी मोकळी असणार. पण माझ्या लॅपटॉपवरचा उबुंटू सुरू होतानाच आपली काही पॅकेजं या खुंट्यांना बांधतो. पहिली खुंटी केव्हाच गेली होती. माझी फाइल बांधलीच गेली नाही.

मग स्क्रिप्ट थांबली का नाही? तर शेलचा स्वभावच तसा. एक काम फसलं तरी तो कुरकुर करतो आणि पुढच्या कामाला लागतो. इमेज जोडलीच नव्हती, तरी तिच्यासाठी केलेला साधा फोल्डर जागेवर होताच. सगळा लिनक्स त्यात कॉपी झाला, म्हणजे माझ्याच डिस्कवर! दर वेळी नव्या नावाचा फोल्डर आणि दर वेळी तीन-तीन जीबी. सहा वेळचे अठरा जीबी मला सापडले. ते उडवले असते तर भरपूर जागा झाली असती.

दुरुस्ती पाच-सहा ओळींचीच निघाली. सगळ्यात वर 'सेट वजा ई' लिहिलं, म्हणजे साध्या कामांत एक जरी फसलं तरी स्क्रिप्ट तिथंच थांबते. खुंटीचं नाव स्वतः न लिहिता, मोकळी असेल ती शोधून दे, असं कॉम्प्युटरलाच सांगितलं. कॉपी करण्याआधी इमेज खरंच जोडलीय का हे विचारणारी एक ओळ घातली. आणि स्क्रिप्ट मधेच पडली तरी खुंटी सोडायची सोय केली. रात्री दोन वाजता सोंगातला लिनक्स उठून बसला. एरवी मी नाचलो असतो.

ओव्यांचं घरी सांगितलं तेव्हा आई काही बोलली नाही. तिनं मामेभावाला फोन लावला. कधीकाळी मीच त्याला दोन ओव्या पाठवल्या होत्या, त्या त्याच्याकडे होत्या. नऊ गेल्या.

त्या दोन मी आता तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. दुसरीत आजी मधेच जातं थांबवते आणि मला विचारते, "चालू हाये का रे ते?"