गुरुवारचा गेम

आमच्या पिंपळे सौदागरच्या घरी नेटवरून कुरबुर होते ती गुरुवारी. धाकट्याची कंपनी चाकणला, त्याची सुट्टी गुरुवारी; आणि माझं नेमकं त्याच दिवशी घरून काम. तो १०० जीबीचा गेम डाउनलोडला लावतो आणि इकडे मीटिंगमध्ये समोरच्याचे शब्द तुटायला लागतात. आता आठवड्यातून एक सुट्टी मिळते बिचाऱ्याला, नको कसं म्हणणार?

लोक सांगतात, मोठा प्लॅन घे. पण मंडळी, खरी गोची रांगेची आहे. चाकणचा तळेगाव चौक आठवा. कंटेनरच्या रांगेत अँब्युलन्सही अडकते. तसंच गेमची पॅकेट्स वाटेतल्या बफरमध्ये साचतात आणि कॉलचं चिमुकलं पॅकेट मागे ताटकळतं. याला म्हणतात 'बफरब्लोट'. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर 'कोडेल' नावाचा उपाय मांडला. तो ज्यात आहे असा राउटर नसेल, तर स्टीममध्येच डाउनलोडच्या वेगाला मर्यादा घालता येते. लाइनच्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवली की रांगच लागत नाही.

हिशोब बघा: १०० एमबीपीएसवर हा गेम उतरायला साधारण सव्वादोन तास, ८० वर पावणेतीन. अर्ध्या तासात त्याचा गेमही होतो, माझी मीटिंगही. सौदा स्वस्तच की!