दहा यार्डांची साखळी

शेवटची शिट्टी झाली की स्टेडियममधली सगळी माणसं एकदम सैल होतात. बँडमधली मुलं तुताऱ्या उलट्या धरून त्यांतलं पाणी झटकतात, खेळाडू हेल्मेटं काढतात, आणि इतका वेळ जे राक्षस वाटत होते ती सोळा-सतरा वर्षांची, कपाळावर मुरमं आलेली पोरं निघतात. मी तेव्हा साखळी गुंडाळत असतो. दोन टोकांना दोन केशरी काठ्या, मध्ये दहा यार्डांची साखळी. कृत्रिम गवतात पसरलेले रबराचे काळे कण कड्याकड्यांत अडकलेले असतात. ते झटकून काढायचे, काठ्या पिशवीत घालायच्या आणि मगच घरी जायचं.

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, आमच्या गावातल्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलला मी साखळी धरतो. दोन वर्षांपूर्वी पालकांच्या बैठकीत माणसं हवी होती. मला खेळ फारसा कळत नव्हता आणि ओरडायची सवय नव्हती. या दोन्ही उणिवा गुण ठरल्या. कारण साखळीवाल्याने कुणाची बाजू घ्यायची नसते. टाळी वाजवायची नाही, खेळाडूंशी बोलायचं नाही, हळहळायचं नाही. आपला पोरगा 64 नंबरचा शर्ट घालून समोर चिखलात पडल्यासारखा पडलेला असला तरी नाही. त्यात आमच्याकडे साखळी असते प्रेस बॉक्सच्या समोरच्या कडेला, म्हणजे पाहुण्या संघाच्या बाजूला. त्यामुळे घरच्या मैदानावरचा प्रत्येक सामना मी शत्रूच्या ओसरीवर उभा राहून बघतो. आमच्या मुलांविषयी त्यांचे कोच काय काय बोलतात ते ऐकतो. बरंचसं खरंही असतं.

खेळाचा जीव त्या दहा यार्डांत आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना. बारा मिनिटांचे चार भाग हेच चालतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं ही नुसती धडकाधडक आहे. मला पहिल्या दिवसापासून ती जमिनीची मोजणी वाटत आली, आणि त्याला कारण अण्णा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यात सर्व्हेअर होते. कोरेगाव, फलटण, पुन्हा कोरेगाव. क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्डांची, म्हणजे इंग्रजी सर्व्हेची एक पुरी साखळी, 66 फूट. हे मला त्यांनी खेळ शिकवण्याआधी शिकवलं. आपला गुंठा 33 फूट गुणिले 33 फूट, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. तेहतीस फुटांच्या शंकू साखळीचे सोळा आणे. फुटबॉलची साखळी तीस फुटांची, गुंठ्याच्या एका बाजूपेक्षा तीन फुटांनी आखूड. पहिल्यांदा ती हातात आली तेव्हा मी मनात हे गणित केलं होतं आणि उगाचच घरच्यासारखं वाटलं होतं. अण्णांच्या हाताखाली चेनमन असत. म्हणजे हुद्द्याने मी त्यांच्या हाताखालचाच.

तर त्या शुक्रवारी आम्ही 21-20 असे मागे होतो. तो एक गुण दुसऱ्या भागात गेला होता. टचडाउननंतरची जादा किक खांबावर आपटून बाहेर आली होती. उरली होती एक मिनिट चाळीस सेकंदं, आमचे टाइमआउट संपलेले, चेंडू त्यांच्या 32 यार्डांच्या खुणेवर. चौथा प्रयत्न, आणि हवा होता फक्त एक यार्ड. तिथून गोलपोस्टवर मारायचं तर जवळपास पन्नास यार्डांची किक, जी शाळेतल्या पोराच्या पायाला झेपणारी नव्हे. कोचने पळायचं ठरवलं. माझ्या मुलाच्या उजव्या खांद्यामागून. मी पुढची काठी धरून 31च्या खुणेवर उभा होतो, म्हणजे त्या ढिगाऱ्याच्या अगदी रेषेत. हेल्मेटावर हेल्मेट आपटल्याचा आवाज टीव्हीवर येतो तसा नसतो. भिंतीवर भिजलेलं गाठोडं फेकावं तसा असतो.

पंच कडेकडून धावत आले आणि जिथे चेंडू थांबला असं त्यांना वाटलं तिथे बुटाचं टोक टेकवलं. वीस-बावीस पोरांच्या ढिगाऱ्याखालचा चेंडू, आणि त्याची जागा ठरवतो एक धावता माणूस, नजरेने. मग त्या नजरेच्या अंदाजाला इंचाने मोजायला आम्हाला बोलावतात. चार प्रयत्नांपूर्वी साखळी जिथून सुरू झाली ती जागाही अशीच बुटाने ठरलेली असते. मोजणीच्या तक्रारी घेऊन रात्री घरी आलेल्या शेतकऱ्यांना अण्णा नकाशा उघडण्याआधी विचारायचे, “पहिला दगड कुणी रोवला?” बहुतेक वेळा उत्तर देणाऱ्याचा आजा निघायचा.

एनएफएलने 2025च्या हंगामापासून हे मोजमाप हॉक-आयच्या कॅमेऱ्यांकडे दिलं. साखळी तिथे आता फक्त अडीअडचणीला. शाळांच्या मैदानांवर मात्र अजून आम्हीच आहोत. आम्ही साखळी घेऊन आत गेलो. इतके हजार लोक आणि कुठे हूं नाही. एकाने साखळीवरचा चिमटा 40च्या रेषेवर टेकवला. पंचांनी माझ्या हाताच्या वर काठी पकडली आणि आम्ही दोघांनी ती ताणली. साखळीत झोळ होता. झोळ राहिला की काठी मागे राहते, चेंडूकडे. माझ्या कानात अण्णांचा आवाज आला, बांधावरून चेनमनला घातलेली हाक, “ताण!” मी ताणली. चेंडूचं नाक आणि काठी यांच्यामध्ये चार बोटांची फट उरली.

पुढचं काही सांगण्यासारखं नाही. त्यांच्या क्वार्टरबॅकने तीनदा गुडघा टेकला आणि घड्याळ संपलं.

विश्लेषणाला पार्किंगमध्येच तोंड फुटतं. टेक्ससमध्ये शुक्रवारची रात्र शाळांची असते. 1961च्या कायद्यानेही हंगामात व्यावसायिक सामन्यांच्या प्रक्षेपणाला त्या संध्याकाळपासून लांब राहायला लावलं आहे. त्यामुळे त्या रात्री बोलायला दुसरा विषयच नसतो. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून एक बाप म्हणत होता, किकच मारायला हवी होती. दुसरा म्हणाला, चेंडू डाव्या बाजूला टाकायचा सोडून मधून कशाला घुसवला. तिसऱ्याने आर्कान्सातल्या केव्हिन केलीचं नाव काढलं. लिटल रॉकच्या पुलास्की अकॅडमीचा हा कोच चौथ्या प्रयत्नालाही चेंडू सहसा लाथाडून देत नसे, आणि तरी नऊ राज्य अजिंक्यपदं जिंकला. म्हणजे निर्णय बरोबर, फक्त अंमल चुकला. हे वाक्य म्हणणाऱ्याने ते अशा सुरात म्हटलं की अंमल करणाऱ्याचा बाप तिथे उभा आहे हे त्याच्या लक्षात नसावं. आणि सगळ्यांचं एकमत झालं ते पंचांच्या बुटावर. स्पॉट चुकला. चेंडू अर्धा यार्ड पुढे होता, सगळ्या जगाने पाहिलं.

मला कुणी काही विचारलं नाही. साखळीला कोण काय विचारणार? पण मी ती पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसलो होतो आणि चार बोटांचा विचार करत होतो. त्या ओढण्यात पंचांचा जोर किती होता आणि माझा किती? मी हात जरा ढिला सोडला असता तर? लबाडी म्हणून नव्हे, नुसता थकलेला हात.

अण्णा मोजणीला जाताना फिरकीचा तांब्या बरोबर न्यायचे. ज्यांच्यात वाद आहे त्या कुणाच्याही घरचं पाणी प्यायचे नाहीत. भर उन्हात, एप्रिलात, लोक ताकाचा गडवा पुढे करायचे तर म्हणायचे, “निकाल लागल्यावर.” निकाल लागल्यावर अर्थात कुणी ताक देत नसे. लहानपणी मला तो ताठा वाटायचा.

मुलगा लॉकर रूममधून आला, बॅग मागे टाकली आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. अकरा वाजता त्याच्या आईने आमटी गरम केली. उजव्या मनगटावर बर्फाची पिशवी ठेवून डाव्या हाताने तो चार पोळ्या जेवला. मोज्यांतून ओतलेले रबराचे कण सकाळपर्यंत बाथरूममध्ये होते.

शनिवारी सकाळी कोचने सगळ्यांना फिल्म दाखवली. रविवारी दुपारी मुलगा स्वतःच लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. आता हे सगळं हडल नावाच्या सेवेवर असतं: प्रत्येक प्ले वेगळा कापलेला, कितवा प्रयत्न, किती यार्ड हवे, रचना कुठली, निकाल काय, सगळं शेजारी लिहिलेलं. सामना असा तुकड्यांत पाहिला की त्यातला आरडाओरडा निघून जातो. उरतात पावलं. मी ज्याला ढिगारा म्हणत होतो त्यात प्रत्येकाला आपली एक अरुंद वाट होती, हे मला दोन वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

“स्पॉट बरोबर होता, बाबा,” तो म्हणाला. “हे बघ.”

चेंडू सुटायच्या क्षणी त्याने चित्र थांबवलं. मग एकेक फ्रेम पुढे. पहिलं पाऊल सहा इंचांचं टाकायचं, त्याने फूटभर टाकलं. त्यात छाती वर आली. समोरचा पोरगा खाली राहिला, याच्या काखेखाली शिरला आणि याला उभाच मागे घेऊन गेला. पळणाऱ्याची वाट तिथेच बुजली.

“पट काढला त्याने तुझा,” मी म्हणालो.

“पट म्हणजे?”

मी उठून, खुर्ची बाजूला सरकवून, पन्नाशीच्या गुडघ्यांना झेपेल तितकं दाखवलं. जत्रेच्या फडात समोरचा पैलवान ताठ झाला की दुसरा खाली बसून त्याच्या मांड्यांत कसा घुसतो ते. त्याला ते फार आवडलं. “सेम थिंग,” म्हणाला, आणि माझ्यावर एकदा करूनही पाहिलं, हळूच.

मग मी त्याला झोळाचं सांगितलं. चार बोटांचं. तो ऐकून घेत होता, पण त्याचं बोट माउसवर होतं.

“तू ताणली ते दिसतंय,” तो म्हणाला. “पण मला तुला दुसरंच दाखवायचं होतं.”

त्याने गोलपोस्टामागच्या उंच कॅमेऱ्याचं चित्र लावलं. पुन्हा तोच प्ले, चेंडू सुटायच्या आधीचा क्षण. मध्ये त्यांची रांग, कडेला बिब घातलेला मी, हातात काठी. चेंडू सुटला. ढीग झाला. आणि कडेचा तो माणूस काठीसकट हळूहळू गोलच्या दिशेने कलला, बैलगाडी चढाला लागली की आत बसलेली माणसं पुढे झुकतात तसा. पंच धावत आले तेव्हा तो घाईने सरळ झाला.

“वारा होता त्या दिवशी,” मी म्हणालो.

त्याने चित्र मोठं केलं. गोलपोस्टांच्या शेंड्यांना वारा कळावा म्हणून बांधलेल्या दोन्ही फिती सरळ खाली लोंबत होत्या.