मीटर माणसे मोजत नाही

नाशिकच्या माणसाने विजेची तक्रार केली की बाहेरगावच्या पाहुण्याला नवल वाटते. शहराला लागूनच एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र आहे. १९७० च्या सुमारास तिथे १४० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले आणि १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे आणखी तीन आले. जुने दोन पुढे बंद झाले, तीन उरले. "कारखाना तुमच्या दारात आणि अंधार तुमच्याच घरात?" असे पाहुणे विचारतात. दिव्याखाली अंधार ही म्हण मराठीत आहे, उर्दूतही आहे. पण केंद्र जवळ असल्याने वीज जवळ येत नाही. तिथली वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि त्या जाळ्यातून कोणाला किती मिळायची हे अंतरावर नाही, हिशेबावर ठरते. हा हिशेब काय आहे आणि तो आमच्या मोहल्ल्यांना कसा लागू होतो, एवढेच इथे मांडायचे आहे.

२००५ ते २००८ ही वर्षे आमच्या पिढीच्या चांगलीच लक्षात आहेत. १९९९ मध्ये सुरू झालेला दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता. मागणी वाढत होती, नवे संच येत नव्हते. जून २००५ मध्ये वीज मंडळाची विभागणी होऊन निर्मितीची, पारेषणाची आणि वितरणाची अशा वेगळ्या कंपन्या झाल्या, पण कंपन्या वाढल्याने वीज वाढली नाही. राज्याला चार-पाच हजार मेगावॅटची तूट होती. वर्तमानपत्रे तिला 'भारनियमन' म्हणत, आम्ही सारे 'लोडशेडिंग' म्हणत होतो. मुंबई त्यातून सुटलेली होती. पुण्याने २००६ मध्ये जादा आकार भरून आणि कारखान्यांच्या स्वतःच्या जनित्रांची मदत घेऊन काही काळ सुटका करून घेतली. नाशिकसारख्या शहरांनी वेळापत्रक कापून भिंतीवर चिकटवले. खेड्यांत तर दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे.

त्याच वर्षांत रमजान ऑक्टोबरच्या आसपास येत होता. २००५ आणि २००६ या दोन्ही वर्षी दिवाळी आणि ईद चार-पाच दिवसांच्या अंतराने आली. ऑक्टोबरचा उकाडा, रोजा, आणि तरावीहच्या वेळी बंद पंखे. शेजारी दिवाळीचा फराळ मेणबत्तीच्या उजेडात तळला जात होता, आमच्याकडे इफ्तारची भजी तशाच उजेडात. तेवढ्यापुरती मात्र कोणाची तक्रार वेगळी नव्हती.

तक्रार वेगळी झाली ती पुढे. भारनियमन सगळ्यांना सारखे द्यायचे नाही, असे धोरण ठरले. उपकेंद्रातून निघणारी जी मुख्य वाहिनी, तिला फीडर म्हणतात. ज्या फीडरवर विजेची गळती जास्त आणि बिलांची वसुली कमी, त्याला जास्त तास अंधार. फीडरांचे 'अ', 'ब', 'क', 'ड' असे गट पडले. वर्गात मुलांचे पडतात तसेच. नियम कागदावर रास्त वाटतो, जो पैसे भरतो त्याला वीज. पण फीडरवर एक माणूस राहत नाही, हजारो राहतात. त्यातला जो दर महिन्याला रांगेत उभा राहून बिल भरतो, त्याच्याही घरात शेजाऱ्याच्या आकड्यापायी अंधार होतो. एका मुलाने दंगा केला म्हणून सारा वर्ग बाकावर उभा करावा, तसे हे आहे. शिक्षक म्हणून आम्हाला ही शिक्षा ठाऊक आहे. तिने दंगेखोर मुलगा सुधारत नाही. शांत मुलाच्या मनातला न्यायावरचा विश्वास मात्र जातो.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये उन्हाळा कडक होता आणि कोळशाची टंचाई झाली. तेव्हा पुन्हा जास्त गळतीच्या फीडरांवरच भारनियमन आले. त्या वर्षी ३ एप्रिलला रमजान सुरू झाला होता.

आता आकड्याविषयी बोललेच पाहिजे. आपल्या वस्त्यांचे नाव निघाले की "तिथे सगळे आकडे टाकतात" असे सर्रास बोलले जाते. हे ऐकून आम्हाला राग येतो, आणि तो अर्धा खरा राग आहे. कारण गळती म्हणजे सगळी चोरी नव्हे. जुन्या, बारीक तारांतून क्षमतेपेक्षा जास्त वीज वाहिली की तारा तापतात आणि वीज उष्णतेत वाया जाते. काझीपुरा, चौक मंडई, भद्रकाली अशा दाटीच्या भागांत एका वाड्याच्या जागी चार मजले उभे राहिले, रोहित्र मात्र तेवढेच असले तर चोरी न होताही गळती वाढणार. २००५ च्या सुमारास राज्यभरातली वितरणाची गळती तिसऱ्या हिश्श्याइतकी होती, पुढच्या दहा वर्षांत ती पंधरा टक्क्यांच्या आसपास आली. एवढी घट केवळ लोकांची नियत सुधारल्याने होत नाही. तारा, मीटर, रोहित्रे बदलल्यानेही होते.

पण रागाचा उरलेला अर्धा भाग आपण स्वतःकडे वळवायला हवा. आकडा टाकणारा सरकारचे नुकसान करतो असे समजतो. प्रत्यक्षात तो गल्लीतल्या विधवेच्या घरातला पंखा बंद करतो. २००३ च्या विद्युत कायद्याच्या १३५ व्या कलमाने वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ती भीती बाजूला ठेवू. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, हा आपल्या दीनचा पाया आहे. शेजाऱ्याचा हक्क मारून केलेल्या उजेडात पढलेल्या नमाजची बरकत कोणती? वुजूच्या पाण्यात इसराफ नको हे आपण मुलांना पहिल्या इयत्तेपासून शिकवतो. विजेचा इसराफ आणि विजेची चोरी यांवर जुम्याच्या बयानात किती वेळा बोलले जाते?

अंधार घरातही सगळ्यांना सारखा मिळत नाही. वीज गेली की पाण्याची मोटर बंद पडते. नळाची वेळ आणि विजेची वेळ जुळली नाही तर तिसऱ्या मजल्यावर पाणी चढते ते बाईच्या कमरेवर. दहावीची परीक्षा मार्चमध्ये असते. वीज गेली की मुलगा वही घेऊन चौकातल्या दिव्याखाली जातो, मशिदीत बसतो, अभ्यासिकेत जातो. मुलगी कोठे जाणार? ती मेणबत्ती लावून बसते आणि मधेच तिला धाकट्याला वारा घालायला बोलावतात. उर्दू शाळांतल्या मुली निकालात मुलांच्या पुढे असतात असे आपण अभिमानाने सांगतो. त्या कोणत्या उजेडात शिकतात हेही सांगायला हवे.

जिल्ह्यातल्या मालेगावात तर वीज म्हणजे पोटच आहे. तिथल्या यंत्रमागाच्या कामगाराला मजुरी कापडाच्या मापावर मिळते. माग थांबला की मजुरी थांबली, मग थांबण्याचे कारण काहीही असो. मार्च २०२० पासून तिथले वितरण खासगी कंपनीच्या हाती आहे, भिवंडीत ते २००७ पासून आहे. कंपनी सरकारी असो की खासगी, ग्राहकाला वाचता येईल असे एकच कागदपत्र त्याच्या हाती पडते, ते म्हणजे बिल.

आणि इथेच आमच्या पेशाचा संबंध येतो. बिल मराठीत असते. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. उर्दू माध्यमातून शिकलेल्या आमच्या मोहल्ल्यातल्या कित्येक बुजुर्गांना त्यातली फक्त खालची रक्कम समजते. "सर, जरा देखो तो, इतना कैसा आया?" असे म्हणत कोणी चाचा, कोणी खाला बिल घेऊन दारात येतात. बिल वाचून दाखवताना एक गोष्ट वारंवार समोर येते आणि ती फार महत्त्वाची आहे.

घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर युनिटपर्यंत एक दर. १०१ ते ३०० पर्यंत त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यापुढे आणखी चढा. हेतू चांगला आहे, गरिबाने थोडी वापरावी आणि स्वस्तात वापरावी. पण मीटर माणसे मोजत नाही. समजा एका घरात तीन भाऊ, तीन चुली, पंधरा माणसे, आणि मीटर अब्बांच्या नावाचे एकच. प्रत्येक भावाचा वापर नव्वद युनिट. एकूण झाले २७०. त्यातले शंभर स्वस्त दराने आणि १७० दुप्पट दराने. स्वस्त दराला एक रुपया धरा, म्हणजे बिल ४४० रुपये. तिघांचे मीटर वेगळे असते तर तिघेही शंभरच्या आत राहिले असते आणि बिल २७० रुपये झाले असते. तीन मीटरांना स्थिर आकार तीनदा पडेल, तरी बचत उरते. दोन माणसांचा फ्लॅट वातानुकूलन यंत्र लावून ज्या टप्प्यात पोहोचतो, त्याच टप्प्यात आमचे पंधरा माणसांचे घर चार पंखे आणि सहा दिवे लावून पोहोचते. पुन्हा सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क आहेच.

वेगळे मीटर मागणे हा उपकार नाही. २००३ च्या कायद्याचे ४३ वे कलम जागेच्या मालकाबरोबर भोगवटादारालाही वीजजोडणी मागण्याचा हक्क देते. वेगळे राहणे दाखवणारे कागद जमवावे लागतात, चकरा माराव्या लागतात, हे खरे. पण आमच्याकडे अडचण कागदांआधी मनाची असते. "मीटर वेगळे केले तर लोक म्हणतील, घर फुटले." घर एकत्र राहावे ही भावना मोलाची आहे, पण तिची किंमत दर महिन्याला दुप्पट दराने का मोजायची? दस्तरखान एक ठेवावा, मीटर तीन ठेवावेत.

याच कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे थकबाकीसाठी जोडणी तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल तक्रार असेल तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. पण हे सारे दरवाजे अर्जाने उघडतात आणि अर्ज मराठीत लिहावा लागतो. मराठी आपल्याला साहित्यासाठी हवी, संस्कृतीसाठी हवी, हे आपल्या संमेलनांत बोलले जाते. ते बरोबरच आहे. पण तिची गरज त्याआधी घरातल्या दिव्यासाठी आहे.

म्हणून आम्ही सातवीच्या वर्गात शेकडेवारी शिकवताना मुलांना घरचे बिल आणायला सांगतो. गणिताचा तास मराठीचाही होतो. एक युनिट म्हणजे हजार वॅट एक तास. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा, रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट. असे चार पंखे म्हणजे १०८, स्वस्त टप्पा पंख्यांतच संपला. तेच नव्या बीएलडीसी प्रकारचे तीस वॅटचे पंखे असतील तर चौघांचे मिळून ४३. ते महाग असतात, पण सर्वांत जास्त फिरणारा एक आधी बदलता येतो. साठ वॅटच्या जुन्या बल्बचे काम नऊ वॅटचा एलईडी करतो. इन्व्हर्टर अंधारात उपयोगी खरा, पण बॅटरीत भरलेल्या विजेचा चौथा-तिसरा हिस्सा आत-बाहेर करतानाच खर्च होतो आणि तो बिलात चढतो. मुले हे घरी जाऊन सांगतात. मास्तरांचे न ऐकणारे अब्बा लेकीचे ऐकतात.

घरांविषयीही बोलायला हवे. जुन्या नाशिकच्या वाड्यांना मातीच्या जाड भिंती होत्या, मधे चौक होता, दुपारीही आत गारवा असे. नाशिक थंड हवेचे म्हणून ओळखले जाई. आता उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि आपण पत्र्याखाली किंवा उघड्या स्लॅबखाली राहतो. गच्चीला दरवर्षी चुन्याचा पांढरा हात मारला तरी वरच्या खोलीचा ताप कमी होतो. याला फार पैसे लागत नाहीत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये घरांच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्याची केंद्र सरकारची योजना आली. तीन किलोवॅटसाठी ७८ हजार रुपये अनुदान आहे. सूर्य आपल्यावर कमी तळपत नाही. पण छप्पर कोणाचे? भाडेकरूचे नाही. वाडा पणजोबांच्या नावावर आहे, वारस चाळीस आहेत, मालमत्ता पत्रकावर त्यांची नावे चढलेलीच नाहीत. शरियतने बहिणीला हिस्सा दिला, आपण तो कागदावर आणला नाही. नावे न चढवण्याने बहिणीचा हक्क बुडत होताच, आता सगळ्या घराचा उजेडही अडतो आहे. वारसांची नावे, बहिणींसकट, लावून घेणे हे आता विजेचेही काम झाले आहे.

अंधाराविरुद्ध मोर्चे निघतात, निघावेत. दाटीच्या वस्तीत नवे रोहित्र आणि नव्या तारा मागणे हा आपला हक्क आहे, आणि प्रामाणिक ग्राहकाला फीडरच्या नावाने शिक्षा होऊ नये हेही ठासून सांगितले पाहिजे. पण ही मागणी करताना आपल्या गल्लीच्या खांबावर आकडा लोंबकळत नसावा. मोर्चाच्या आदल्या रात्री चार तरुणांनी गल्लीतून फिरून तेवढे आधी बघावे. मग निवेदनाखाली सह्या घ्याव्यात, आणि निवेदन मराठीत लिहिणारी मुलगी आपल्याच मोहल्ल्यातली असावी.