निर्बंध उठल्यानंतर

महसूल खात्यात ज्याचे उभे आयुष्य गेले, त्याला ३१ डिसेंबर हा वर्षाचा शेवट आहे, हे मनापासून कधीच पटत नाही. आमचे महसुली वर्ष ३१ जुलैला संपे, खजिन्याचे ३१ मार्चला, आणि घरातले, आईच्या हयातीत, पाडव्याच्या आदल्या दिवशी. निवृत्तीनंतर त्यांत आणखी एका मुदतीची भर पडली, ती नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची. हा दाखला एकदा रुजू झाला, की पुढील वर्षभर आपण सरकारदप्तरी जिवंत आहोत अशी निश्चिती होते. परंतु जिवंत माणसाने वर्षभर करावे काय, यासाठी त्या नमुन्यात रकाना नसतो. डिसेंबरअखेरचे हे मोकळे दिवस मी त्या न छापलेल्या रकान्याच्या विचारात घालवीत असतो.

ज्या शहरात हा विचार मी करतो, ते शहरही हुकुमानेच वसलेले आहे. १९७० साली सिडको हे शासकीय महामंडळ स्थापन झाले, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांचे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र नवी मुंबई या नव्या नगरीसाठी मुक्रर झाले, भातखाचरांच्या आणि मिठागरांच्या नोंदींवर एकामागून एक फेरफार पडत गेले, आणि मग वाशी, नेरूळ, बेलापूरच्या नवनिर्मित वसाहतींत आम्ही नोकरदार मंडळी वाटपपत्रे हाती धरून राहावयास आलो. आमच्यापैकी जे सरकारी सेवेत होते, त्यांच्यावर वर्तणूक नियमांचा अंमल होता : पक्षाचे काम करावयाचे नाही, कोणाचा प्रचार करावयाचा नाही, शासनाच्या धोरणावर जाहीर टीका तर मुळीच नाही. नियम सेवकापुरता होता. पण जेथे शेजारीपाजारी बहुतेक सेवकच, तेथे तो पाहता पाहता वस्तीचा स्वभाव होऊन बसला.

त्या मौनाला त्याची प्रतिष्ठा होती, हे मी आजही म्हणेन. टेबलासमोर उभा असलेला खातेदार कोणत्या झेंड्याखालचा, हे न पाहता त्याचा अर्ज आवक नोंदवहीत चढविणारा कारकून ही लोकशाहीची किरकोळ कमाई नव्हे. परंतु जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी प्राणास मुकले, तेव्हा मी नोकरीत नवा होतो, आणि आमच्या दालनात त्याविषयी जे काही बोलणे होई, ते दार लोटून घेतल्यावरच होई. पुढे त्याच लढ्याच्या बळावर साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना पदरात पडली, आणि तिच्यासंबंधीची प्रकरणे आम्हीच शेरे मारून पुढे पाठविली. शेऱ्यात भावनेला जागा नसते, आणि ती नसावीच.

खरी गोष्ट अशी, की कचेरीतून निघताना हा नियम दप्तरात बांधून ठेवता आला नाही. तो जेवणाच्या पानापर्यंत आला. आमच्या घरी मुलांच्या परीक्षा, सोयरिकी, गृहकर्जाचे हप्ते, गावाकडच्या जमिनीचे वाटप यांवर तासन्‌तास खल होई; सार्वजनिक विषय निघाला, की कोणीतरी वरणाची वाटी पुढे करी. त्याचे फलित आज डोळ्यांपुढे आहे. सूनबाई आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सिंकिंग फंडाच्या एकेका रकमेची रुजुवात मागते, पार्किंगच्या तंट्यात शब्द खाली पडू देत नाही. परंतु मे २०२० पासून आपल्या महानगरपालिकेत लोकनियुक्त नगरसेवक नव्हते, सारा कारभार प्रशासक पाहत होते, ही वस्तुस्थिती आमच्या घरात इतक्या वर्षांत संभाषणाचा विषय झाली नाही. नळाला पाणी होते, कचऱ्याची गाडी वेळेवर येत होती, आणि कारभार नीट चालला, की कारभारी कोणी निवडला हे विचारण्याची गरज नाही, असे आम्ही सगळ्यांनी बिनबोभाट मान्य करून टाकले होते. सोसायटीच्या फाटकाशी आमचे सार्वजनिक जीवन संपत होते.

२०२५ या वर्षाने मात्र हे फाटक थोडे उघडले. २५ डिसेंबरला नव्या विमानतळावरून पहिली प्रवासी उड्डाणे झाली, आणि घरात एकाएकी त्या जागेची चर्चा सुरू झाली. तेथे उलव्याची टेकडी होती, ती कापली गेली. नदीचा प्रवाह वळविला गेला. वाड्यावस्त्यांसह दहा गावठाणे उठून दुसरीकडे गेली. आणि विमानतळाला दि. बांचे नाव द्यावे ही मागणी त्या मुलखाच्या अंतःकरणातून आलेली आहे, हे सारे मी प्रथमच मुलासुनेपुढे सविस्तर बोललो. मुलगा म्हणाला, “बाबा, हे सगळं तुम्हाला माहीत होतं?” माहीत असणे हेच तर आमचे काम होते.

सेवानिवृत्तीचा जो आदेश निघतो, त्यात वर्तणुकीचे बहुतेक निर्बंध यापुढे लागू नाहीत, असे कोणी ठळक अक्षरांत लिहून देत नाही. म्हणून आमच्यापैकी कित्येकजण ते निवृत्तिवेतनासोबत तहहयात चालू ठेवतात. वास्तविक फाईल कोठे अडते, ठरावाचा मसुदा कसा वाचावा, अंदाजपत्रकातील तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांतले अंतर कोणत्या पानावर सापडते, हे ज्ञान आम्हाला सरकारच्या पैशाने मिळाले आहे, आणि ते वापरावयास आता ना वरिष्ठाची भीती, ना बढतीची आशा. निःपक्षपात ठेवावा, मौन सोडावे. या दोहोंना एक समजण्यात आमची पिढी गेली.

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेच्या १११ जागांसाठी मतदान होते, आणि बहुसदस्यीय प्रभागरचनेमुळे आमच्यासारख्या बहुतेक मतदारांना एक नव्हे, चार मते द्यावयाची होती. मतमोजणी दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, म्हणजे नेमकी जासईच्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी. घरात कोणी कोणाला मत द्यावे, हे मी सांगितले नाही. तेवढा जुना कारकून माझ्यात शिल्लक आहे. परंतु चारही मते कशासाठी दिली, याचा खुलासा जेवताना प्रत्येकाने करावा, असा आग्रह मी धरला, आणि तो खुलासा प्रथम मला करावा लागेल, अशी अट सूनबाईने घातली. अट मंजूर झाली.