'एकाच वेळी' या दोन शब्दांविषयी

मराठीत 'अष्टावधानी' हे विशेषण आपण फार सैलपणे वापरतो. भाजीला फोडणी देता देता मुलाचे पाढे ऐकणारी आई अष्टावधानी, दोन फोनवर बोलत सही करणारा साहेबही अष्टावधानी. मूळ अवधानकला याहून काटेकोर आहे. तेलुगू प्रदेशात ती आजही सभेत सादर होते. आठ पृच्छक असतात. कुणी समस्या देतो, कुणी अक्षरांचा निषेध करतो, कुणी मुद्दाम अवांतर प्रश्न विचारून लक्ष विचलित करतो. अवधानी एकाचे पद्य पुरे करून दुसऱ्याकडे वळत नाही. प्रत्येकाला एकेक चरण देत तो फेरी पुरी करतो, आणि मधूनमधून वाजणाऱ्या घंटेचे टोलेही मनात मोजत राहतो.

ही कला आम्हांला आठवली ती अगदी वेगळ्या कारणाने. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका सहकाऱ्याने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले मराठी टिपण आम्हां दोघा भाषेच्या प्राध्यापकांकडे तपासायला दिले. विषय होता आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड. एक दिवा दर सेकंदाला, दुसरा त्याहून जलद उघडझाप करणार. मधेच तापमान वाचायचे. शिवाय कुणी बटण दाबते का, यावर लक्ष ठेवायचे. टिपणात वाक्य होते : 'मायक्रोकंट्रोलर ही सर्व कामे एकाच वेळी करतो.' शुद्धलेखन निर्दोष होते. आम्ही अडलो ते अर्थापाशी.

कारण या चिपची घड्याळगती सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांची असली, तरी ती एका क्षणी एकच आज्ञा पाळते. प्रोग्राममध्ये 'डिले' लिहून तिला एक सेकंद थांबायला सांगितले, की ती खरोखरच खोळंबून बसते. त्या सेकंदात बटण दाबून सोडले तर मुख्य प्रोग्रामला त्याचा पत्ता लागत नाही. उपाय असा, की थांबायचेच नाही, घड्याळ पाहायचे. 'मिलिस' ही सोय बोर्ड सुरू झाल्यापासून लोटलेले मिलिसेकंद सांगते. प्रत्येक काम आपली शेवटची वेळ नोंदवून ठेवते. चिप सेकंदाला हजारो फेऱ्या मारते आणि प्रत्येकाला विचारते : तुझी वेळ झाली का? झाली असेल तर थोडके काम करून पुढे जाते, नसेल तर तशीच पुढे. अट एकच : कुणीही अडून बसायचे नाही. खुद्द 'मिलिस'ची मोजणीही अवधान्याच्या घंटेसारखी, मुख्य कामात क्षणभर व्यत्यय आणत चालते.

या मोजणीत व्याकरणाच्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट आहे. हा आकडा ४९ दिवस आणि सुमारे १७ तासांनी पुन्हा शून्यावर येतो. म्हणून 'ठरलेला क्षण आला का?' असे विचारणारा प्रोग्राम त्या वळणावर फसू शकतो. 'मागच्या खेपेपासून किती काळ लोटला?' असे वजाबाकीने विचारणारा फसत नाही, कारण ऋणचिन्हाविना ठेवलेल्या आकड्यांत ती वजाबाकी शून्य ओलांडूनही बरोबर येते. भविष्यकाळापेक्षा भूतकाळ इथे अधिक भरवशाचा ठरतो.

आम्ही सुचवले : 'आळीपाळीने, पण कुणाचाही खोळंबा न करता'. सहकाऱ्याचे म्हणणे पडले, की यात गंमत जाते. आम्हांला उलट वाटते. 'एकाच वेळी' म्हटले की चमत्कार उरतो. 'आळीपाळीने' म्हटले की रीत कळते, आणि कळलेली रीत विद्यार्थी स्वतः वापरू शकतो.

हा आग्रह नुसता शब्दांचा नाही. तास, उत्तरपत्रिका, प्रवेशाची कामे, घरची आजारपणे हे सारे 'एकाच वेळी' सांभाळणाऱ्या शिक्षकाचे कौतुक होते, तेव्हा त्यातले काहीतरी सतत ताटकळत असते हे त्या शब्दांखाली झाकले जाते. चिपला सोडलेले काम पुन्हा हाती घ्यायला एखादा आकडा पुरतो. अर्ध्यावर सोडलेल्या कवितेकडे परतणाऱ्या वाचकाला तसा आकडा मिळत नाही. त्याला पुन्हा पहिल्या ओळीपासून यावे लागते. म्हणून वर्गात कविता चालू असताना दारात कुणी सूचनांचा कागद घेऊन उभे राहिले, तर त्याने थांबावे, असेच आम्ही म्हणू. काही कामांना खोळंब्याचा हक्क असतो.